पर्यावरण खात्यात फेलो म्हणून जावं का? सोलापूरच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापूरची, वय पंचवीस. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालंय, दीड वर्षापासून एका खासगी लॅबमध्ये पाण्याच्या तपासण्या करते. राज्य सरकारच्या पर्यावरण किंवा हवामानबदलाच्या कामात फेलो म्हणून जायची इच्छा आहे. कोणती फेलोशिप चांगली? आधी पीएच.डी. करावी का? वडील म्हणतात, एमपीएससी कर, वर्षभराच्या कागदाला कोण विचारतंय. माझं इंग्रजी बेताचं आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे निभाव लागेल का?"

मीही सोलापूरचीच, पूर्व भागातली. घरासमोर मागांचा खडखडाट ऐकत रसायनशास्त्राचा अभ्यास केला. पुढे वर्षभर राज्य सरकारच्या एका कार्यालयात फेलो होते, त्यानंतर बरीच वर्षं पाणी आणि हवेच्या कामात सल्लागार म्हणून आहे. दोन वेळा निवडीच्या मुलाखती घ्यायलाही बसले आहे. माझं मत या अनुभवावर बेतलेलं आहे, त्यामुळे त्यात माझे पूर्वग्रहही आहेतच. ते धरूनच वाचा.

तुम्ही विचारलंय "कोणती फेलोशिप". पण प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुमची अडचण यादीची नाही. यादी दहा मिनिटांत सापडते. विज्ञान शिकलेल्या माणसाचं सरकारी कार्यालयात नेमकं काम काय, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. ते माहीत नसल्यामुळे वडिलांना काय उत्तर द्यायचं तेही सुचत नाहीये. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझ्या फेलोशिपच्या तिसऱ्या महिन्यात, म्हणजे ऐन एप्रिलअखेर, मी भीमेवरच्या एका बंधाऱ्यावर नमुने घ्यायला गेले होते. उजनी धरणातून पाणी सुटायला अवकाश होता आणि बंधाऱ्यात साचलेलं पाणी हिरवट झालेलं. तुम्ही लॅबमधल्या आहात, तेव्हा विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना जागेवरच स्थिर करावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरलं, मँगनस सल्फेट घातलं, अल्कली आयोडाइड घातलं, बूच लावून बाटली उलटसुलट केली. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत साका पांढरा होता. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. सोबतचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पांढरं म्हणजे चांगलं ना?" त्याला काय सांगायचं मला कळेना. पांढरं म्हणजे त्या पाण्यात मासा जगणार नाही.

मी झपाटून कामाला लागले. सहा आठवडे नमुने घेतले, आलेख काढले, पुणे-पिंपरीकडून मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यापासून ते बंधाऱ्यातल्या शेवाळापर्यंत सगळं लिहिलं. चौसष्ट पानांचा अहवाल झाला. बाइंडिंग करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो चाळला, मन लावून चाळला हे कबूल करायला हवं, आणि विचारलं, "उत्तम. आता मी कोणाला काय पत्र लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल कपाटात गेला. अजूनही तिथेच असेल.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्याच आकड्यांवर अर्ध्या पानाची टिपणी लिहिली. आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी, सुटण्याच्या आधीचे पंधरा दिवस दर तीन दिवसांनी अमुक दोन ठिकाणी ऑक्सिजन मोजावा. तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की उपसा केंद्राला त्याच दिवशी कळवावं, म्हणजे त्यांना शुद्धीकरणाची मात्रा बदलता येईल. कळवायचं कोणी आणि कोणत्या नमुन्यात, तेही लिहिलं. टिपणीला सोबत पत्राचा मसुदा जोडला. चार दिवसांत सही झाली. नदी काही स्वच्छ झाली नाही. पण चौसष्ट पानांनी झालं नव्हतं ते अर्ध्या पानानं झालं. फेलोचं काम काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. मोजमाप आणि सही यांच्या मधली जागा रिकामी असते. ती भरायला शास्त्रज्ञाला सवड नसते आणि कारकुनाला विषय येत नाही. फेलोनं तिथे बसायचं.

हे वाचून तुम्हाला "इतकंच?" असं वाटलं असेल, तर ते आत्ताच वाटलेलं बरं. काहींना या कामात मजा येते, काहींना महिनाभरात गुदमरायला होतं. तुमच्या लॅबमध्ये अहवालावर सही झाली की काम संपतं. इथे अहवालानंतर काम सुरू होतं. आणखी एक. फेलोच्या बाटलीला कायद्यात किंमत नसते. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे कारवाईसाठीचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. तो कारखानदाराच्या माणसासमोर, दोन भाग करून, सील आणि सह्यांनिशी. तुम्ही मळीमिश्रित पाणी ओढ्यात जाताना डोळ्यांनी बघाल आणि तुमच्या हातात काही नसेल. तुम्ही फोटो काढाल, क्षेत्र अधिकाऱ्याला फोन कराल, तो दुसऱ्या तालुक्यात असेल. चिडचिड होते. ती गिळता यायला हवी, आणि पूर्ण गिळूनही चालत नाही.

आता जागांबद्दल. महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असलेली वाट म्हणजे मुख्यमंत्री फेलोशिप. २०१५ मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती चालवतं. जागा साठ, मुदत बारा महिने, पदवीला किमान ६० टक्के आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव. वयाची अट २१ ते २६. २०२५-२६ च्या जाहिरातीत मानधन आणि प्रवासखर्च मिळून महिन्याला ६१,५०० रुपये होते. २०२३ मध्ये ही रक्कम ७५,००० होती, म्हणजे ती वाढतच जाते असं समजू नका. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम असतो. आधी ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. कागदावर दर्जा गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष असतो. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात खुर्ची मिळाली तरी नशीब समजा.

यात दोन गोष्टी तुमच्यासाठी महत्त्वाच्या. एक, ही फेलोशिप पर्यावरणाची नाही. तुम्हाला जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, महापालिकेत किंवा मंत्रालयातल्या कुठल्याही विभागात बसवू शकतात. मागाल तेच मिळेल असं नाही. दोन, तुम्ही पंचवीसच्या आहात. पीएच.डी. करून मग बघू म्हणालात तर वयाचं दार बंद झालेलं असेल. त्यामुळे "पीएच.डी. आधी की फेलोशिप आधी" या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर जाहिरातच देते. पुढची जाहिरात आली की अटी स्वतः, शब्दन्‌शब्द वाचा. अर्जाच्या तारखेला वय किती मोजतात हे बघा. कोचिंगवाल्यांच्या पोस्टवर जाऊ नका.

दुसरी वाट पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाच्या आसपासची. २०२१ मध्ये पर्यावरण विभागाचं नाव बदललं आणि त्यात हवामानबदल आला. त्याआधी, २ ऑक्टोबर २०२० ला, माझी वसुंधरा अभियान सुरू झालं होतं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच खाती पाडून गावांना आणि शहरांना गुण द्यायची पद्धत. अशा अभियानांत, महापालिकांच्या हवा कक्षांत आणि प्रकल्प व्यवस्थापन कक्षांत तज्ज्ञ, सल्लागार, समन्वयक अशा कंत्राटी जागा निघतात. त्यांना कोणी फेलो म्हणतं, कोणी म्हणत नाही. नावावर जाऊ नका. नेमणूकपत्र कोण देतं ते बघा. शासन देत असेल तर गोष्ट वेगळी, मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी देत असेल तर वेगळी. एजन्सीच्या माणसाला बैठकीची पीपीटी करायला सांगतात, बैठकीत बोलावत नाहीत. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आपल्याला हवी तशी, फक्त हवामानाची आणि जिल्ह्याजिल्ह्यांत माणूस देणारी फेलोशिप तामिळनाडूनं काढली. मुख्यमंत्री ग्रीन फेलोशिप, मुदत दोन वर्षं, सोबत अण्णा विद्यापीठ. तिथलं सरकार त्याआधीच, २०२१ मध्ये, हवामानाच्या कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापून बसलं होतं. तिथे काम तमिळमध्ये चालतं, तेव्हा ती आपल्यासाठी नाही. पण त्यांनी फेलोंना काय कामं दिली ते शोधून वाचा, मुलाखतीत उपयोगी पडेल. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची धोरण फेलोशिप साधारण पीएच.डी. झालेल्यांसाठी असते. अमेरिकेतली नावं तुम्ही ऐकली असतील. तिथली विज्ञान संघटना १९७३ पासून शास्त्रज्ञांना वॉशिंग्टनला पाठवते, आणि कॅलिफोर्नियात २००९ पासून पीएच.डी. झालेले लोक वर्षभर राज्याच्या विधिमंडळात बसतात. तिथे कामावर बसवण्याआधी भरपूर प्रशिक्षण देतात. कायदा कसा होतो, अर्थसंकल्प कसा वाचायचा, एका पानात कसं लिहायचं. आपल्याकडे हे तुम्हाला स्वतःच शिकावं लागतं, आणि त्याची सुरुवात अर्ज भरण्याच्या आधी करता येते.

माझा खरा सल्ला इथून पुढे आहे. कोणत्याही फेलोशिपला जा, पण स्वतःचा एक प्रश्न सोबत घेऊन जा. मोठा नको. "सोलापूरचं हवामानबदल अनुकूलन" हा प्रश्न नाही, तो परिसंवादाचा विषय आहे. प्रश्न असा हवा की उत्तर मिळालं तर एक ठरावीक अधिकारी एक ठरावीक गोष्ट वेगळी करेल.

उदाहरण देते. उन्हाळा. मे महिन्यात सोलापूरचं सरासरी कमाल तापमानच चाळिशीच्या घरात असतं. हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ४० हवा आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवा, नाहीतर थेट ४५ गाठलेला हवा. आता हिशेब करा. आपल्याकडे ४३ झाले तर सरासरीपेक्षा तीनेक अंशच जास्त. म्हणजे पूर्व भागात पत्र्याखाली विड्या वळणारी बाई घामानं निथळत असते, मागाच्या शेडमध्ये माणूस बनियन पिळून पुन्हा घालत असतो, आणि कागदोपत्री लाट नसते. लाट नाही म्हणून इशारा नाही, इशारा नाही म्हणून उष्माघात कक्ष, कामाच्या वेळा, पाणपोया यांपैकी काहीच हलत नाही. निकष चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो देशभर तुलना करण्यासाठी आहे. पण सोलापूर महापालिकेनं कोणत्या तापमानाला हालचाल सुरू करावी, हे त्यातून कळत नाही.

अहमदाबादनं स्वतःपुरतं ते शोधलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला होता. नंतर मृत्यूंच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की त्या एका महिन्यात आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्यांच्या मानानं १,३४४ मृत्यू जास्त झाले. उष्माघात म्हणून नोंदलेले थोडेच होते. बाकीचे दुसऱ्याच कारणांखाली गेलेले. त्यावरून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा झाला आणि इशाऱ्याच्या पातळ्या शहराच्या आपल्या ठरल्या.

सोलापूरसाठी हा प्रश्न कसा मांडाल? महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून गेल्या दहा वर्षांचे मार्च ते जूनचे रोजचे एकूण मृत्यू घ्यायचे. कारणं सोडून द्यायची, कारण कारणांचा रकाना भरवशाचा नसतो. शेजारी सोलापूर वेधशाळेचं रोजचं कमाल आणि किमान तापमान ठेवायचं. किमान विसरू नका. रात्री पारा उतरला नाही तर शरीर सावरत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत रात्र दिवसासारखीच असते. मग बघायचं, कोणत्या अंशानंतर मृत्यूंची रेघ वर वळते. ती जिथे वळते तो तुमचा आकडा. तो कोणाला द्यायचा? महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला. कधी? फेब्रुवारीत, कारण मार्चमध्ये सगळे निधी संपवण्याच्या घाईत असतात आणि एप्रिलमध्ये उशीर झालेला असतो. त्यांनी काय करायचं? आकडा ओलांडण्याचा अंदाज आला की आदल्या संध्याकाळी कोणाकोणाला निरोप जाईल, याच्या एका पानाच्या आदेशावर सही करायची.

सुरुवातीला हे सगळं घरी बसून करता येतं. संगणकावर साधी तक्ते करायची प्रणाली चालवता आली तरी पुरतं. माहिती मागायला साधं विनंतीपत्र द्या, नाही मिळाली तर माहितीचा अधिकार आहेच. पण आधी जाऊन भेटा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज बघितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि उद्या तुम्हाला त्याच टेबलासमोर बसायचं असतं.

आपल्या जिल्ह्यात अशा प्रश्नांना तोटा नाही, फक्त ते बारीक करायला हवेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे. पीएम-१०, म्हणजे हवेतल्या बारीक कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. देशभर या कार्यक्रमाचा मोठा निधी रस्त्यांच्या धुळीवरच खर्च होतो. आपल्याकडे खोदून ठेवलेले रस्ते बघता धूळ आहेच. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचं गाळप सुरू झालं की गच्चीवरच्या वाळवणावर पडणारी काजळी कोणाच्या हिशेबात धरली जाते? यंत्र कुठे बसवलंय, त्याच्याशेजारी काय चालू आहे, ऊसतोडीनंतर पाचट पेटतं ते दिवस कोणते, हे स्थानिक माणसालाच दिसतं. पाण्याचं म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त. भीमा त्यात आहेच. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत लाखो माणसं स्नान करतात, तेव्हा त्या आठवड्यातलं पाणी कोणत्या घाटावर, कोणत्या वेळी मोजलं जातं? एकादशीच्या पहाटे मोजलेलं आणि द्वादशीच्या दुपारी मोजलेलं सारखं नसणार. यातून एक निवडा. नान्नजच्या माळढोकांबद्दल मी मुद्दाम बोलत नाही. तिथे पक्षी फारच थोडे उरले आहेत, आणि तो प्रश्न एका वर्षाच्या माणसानं हातात घेण्यासारखा नाही.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: वयाची अट बघता फेलोशिप आधी, जागा निवडताना नावापेक्षा नेमणूकपत्र बघा, आणि जाताना बारीक, एका सहीएवढा प्रश्न खिशात ठेवा. आता उरलेल्या शंका.

पुण्या-मुंबईच्या मुलांचं. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून मी काय बघितलं ते सांगते. मोठ्या शहरातली मुलं छान बोलतात. पॅरिस करार, कार्बन बाजार, अनुकूलन निधी, सगळं तोंडपाठ. एकाला मी विचारलं, "तुमच्या वॉर्डात कचरा कुठे जातो?" तो गप्प. त्यानंतर लातूरकडची एक मुलगी आली. अडखळत बोलत होती, पण तिनं गावातल्या विहिरींची पाणीपातळी चार वर्षं स्वतः मोजली होती आणि ती वही सोबत आणली होती. आम्ही तिघं ती वहीच बघत बसलो, मुलाखत बाजूला राहिली. सगळ्याच समित्या अशा वह्या बघत बसतात असा माझा दावा नाही. काहींना फर्डं इंग्रजीच भावतं. पण जिच्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, तिला पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक वाचायला शिकवावं लागत नाही. हे भांडवल आहे. लाजू नका.

इंग्रजीबद्दल. मुख्यमंत्री फेलोशिपला मराठी लिहिता, वाचता, बोलता येणं सक्तीचं आहे, आणि जिल्ह्यात टिपणी, शासन निर्णय, बैठकीचं इतिवृत्त सगळं मराठीत चालतं. गंमत अशी की पुष्कळ इंग्रजी शाळेतल्या मुलांना ही मराठी झेपत नाही. "उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की" हे वाक्य सहज लिहिता येणारा फेलो कार्यालयात लाडका होतो. मलाही त्या भाषेचा कंटाळा आहे, पण फाइल तिच्यावरच चालते. इंग्रजी वाचायला मात्र पक्कं हवं, कारण केंद्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आणि हरित लवादाचे आदेश इंग्रजीत असतात. त्याची तयारी अशी करा: लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर प्रत्येक जिल्ह्याचा पर्यावरण आराखडा करायचा होता. सोलापूरचा मिळवा. हवा कार्यक्रमाचा सोलापूरचा कृती आराखडाही मिळवा. दोन्हींतली एकेक शिफारस घ्या आणि ती एखाद्या उपायुक्ताला एका पानात, मराठीत समजावून लिहा. असं आठवड्याला एक पान. दहा पानं झाली की तुमच्या हाताला वळण लागेल.

पीएच.डी. करू नका असं मी म्हणत नाही. फेलोशिपनंतर केलेली पीएच.डी. जास्त कामाची होते, कारण कोणता प्रश्न कोणाच्या उपयोगाचा हे तोवर कळलेलं असतं. पण तुमचा ओढा प्रयोगशाळेकडेच असेल, पांढरा साका बघून "का" हा प्रश्न "आता काय करायचं" यापेक्षा आधी येत असेल, तर सरळ पीएच.डी.ला जा. हे तुमचं तुम्हालाच माहीत.

पैशांचं स्पष्ट बोलते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. माझं मानधन पहिल्यांदा चौथ्या महिन्यात आलं. कोणत्या कार्यालयानं काय केलं याची उजळणी नको, एक सही कुठेतरी अडकली होती एवढंच. तोवर भाचीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून खोलीभाडं दिलं. तेव्हा निघताना तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या, आणि घरातलं कोणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर ते आधी बघा. नियुक्ती मुंबईत झाली तर साठ हजारांत घरभाडं किती खातं याचा हिशेब आधी करा, सोलापूरच्या भाड्यावरून अंदाज बांधू नका. रुजू होण्याआधी हेही विचारून घ्या: मी रोज कोणाला काम दाखवायचं? त्यांची बदली झाली तर? जमवलेली माहिती नंतर प्रसिद्ध करता येईल का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नाही विचारला तर वर्षभराचं काम कार्यालयात सोडून यावं लागतं.

बदलीचं वेगळं सांगते. माझ्या वर्षात माझे साहेब दोनदा बदलले. दुसऱ्यांनी पहिल्यांची सगळी कामं थांबवली, तिसऱ्यांनी दुसऱ्यांची. ज्या कामाचं पत्र आधीच बाहेर गेलं होतं तेच टिकलं. म्हणून काही ठरलं की त्याच आठवड्यात जावक क्रमांक पडलेला कागद बाहेर जाऊ द्या. उद्या करू म्हणालात की उद्याचे साहेब दुसरे.

राहिले वडील. ते चुकीचं बोलत नाहीयेत. फेलोशिपनंतर सरकारी नोकरी मिळते हा गैरसमज आहे, कायम करण्याचं वचन कुठल्याही जाहिरातीत नसतं. माझ्यासोबतच्या पाच जणांपैकी एक पुढे एमपीएससीतून अधिकारी झाला, दोघं स्वयंसेवी संस्थांत गेले, एक परदेशी शिकायला गेली आणि एकीनं वर्ष पूर्ण होण्याआधीच सोडलं. एमपीएससी करायची असेल तर तिचं वय बाकी आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. फेलोशिपचं वय संपत आलंय, हेही सांगा. आणि शक्य असेल तर एक करा. वडिलांचा मागाचा व्यवसाय असेल किंवा शेड ओळखीची असेल, तर येत्या एप्रिलमध्ये एक साधा तापमापक तिथे भिंतीला टांगा आणि दुपारी तीन व रात्री अकरा वाजताचा आकडा त्यांनाच वहीत लिहायला सांगा. महिनाभरानं ती वही घेऊन पुन्हा बोला. अर्जासोबत काय जोडायचं याचाही प्रश्न सुटेल.

वही झाली की तिचा फोटो इथेच टाका. काय लिहिलंय ते मी बघेन आणि टिपणीचा मसुदा आपण मिळून करू.